पाडा आला दवाखान्यात

सातपुड्यातल्या आपल्याच पावरा आदिवासींत फिरून कॉलेजात शिकवणाऱ्या रविताने संशोधन केलं आणि नर्सिंगच्या मुलींसाठी एक धडा लिहिला: रुग्णाच्या माणसांना हाकलू नका, जवळ बसू द्या.

प्राचार्य टिपणीस कडाडले, “एका रुग्णामागं अख्खा पाडा येतो! ही गर्दी मुलींना शिकवायची? खोडा तो धडा!”

रविता शांतपणे म्हणाली, “सर, तुमची बायपास झाली तेव्हा बाहेर कोण होतं?”

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. “अख्खं कॉलेज! शिपाई, मावशी, पोरी... त्यांना बघूनच धीर आला. ते उपकार कसे फेडू?”

“तेव्हा ती माया होती, सर. आमचा पाडा आला की मात्र गर्दी?”

सरांनी हातच जोडले. धडा राहिला, शिवाय कॉलेजच्या दवाखान्यात वॉर्डाबाहेर पाड्याला टेकायला लांबलचक बाक आलं.