मासोळीनं पाठ फिरवली

फार वर्षांमागं काचेच्या एका पेटीत पाणवेलींच्या आडोशाला एक मासोळी पिलांसह राहायची. वरून एक मायाळू हात मूठमूठ खाऊ टाकायचा. उरलेला खाऊ कुजून पाणी आंबलं, वेलींवर शेवाळ चढलं, पिलं श्वासासाठी वर धडपडू लागली.

"खाऊ दे की गं पोरांना," उरल्यासुरल्यावर माजलेलं शेवाळ म्हणालं. "हाताशी वाकडं घेशील तर उपाशी मरशील."

"खाऊन गुदमरण्यापेक्षा उपाशी बरी," मासोळी म्हणाली आणि खाऊ पडताच पिलांना घेऊन पाठ फिरवून बसली.

तरंगणारा खाऊ बघून हात थबकला. त्यानं तो जाळीनं काढला, थोडं पाणी बदललं आणि पुढच्या वेळी चिमूटभरच टाकला.

मासोळीनं आधी पाणी चाखलं. मग पिलांना म्हणाली, "जेवा आता. पण उष्टं टाकायचं नाही. त्या शेवाळाला मी पोसत नसते."