न पेटलेल्या गावाची चौकशी

एकदा एका वृद्ध आचार्यांपुढे त्यांच्या शिष्याने चारशे पानांचा प्रबंध ठेवला. निवडणुकीत रक्त का सांडते, हा विषय. ज्या गावात विजयी मिरवणूक हरलेल्यांच्या गल्लीत शिरली, गुलाल उधळला गेला आणि सात घरे जळाली, त्या गावात शिष्य चार महिने राहिला होता. पुढच्या महिन्यात तिथे पोटनिवडणूक होती. अधिकारी त्याच्या शिफारशींची वाट पाहत होते.

शेजारच्या गावातही तेच दोन गट, तीच चुरस. पण तिथे काही पेटले नव्हते. त्या गावाला प्रबंधात एक पान मिळाले होते आणि त्यावर एकच शब्द : 'निरंक'.

आचार्यांनी बाकीचा गठ्ठा बाजूला सारला आणि ते एकच पान तासभर वाचत बसले. म्हातारपण आले, शिष्य मनात म्हणाला. मग आचार्य उठले. "चल, एसटी पकडू."

त्या न पेटलेल्या गावात पिठाच्या गिरणीवर एक बाई दळण घेऊन उभी होती. शिष्याला पाहताच म्हणाली, "अगंबाई, हे तर आपल्याकडं चहा पिऊन गेलेले साहेब!"

"निकालाच्या दिवशी तुम्ही कुठं होतात, ताई?" आचार्यांनी विचारले.

"कोपऱ्यावर. आमचे भावजीच निवडून आलेले. पोरं गुलाल घेऊन पडलेल्यांच्या गल्लीकडं निघाली, तशी मी आडवी उभी राहिले. म्हटलं, मला तुडवा नि मग जा. ढकललं मेल्यांनी." तिने वाकडे झालेले मनगट पुढे केले. "पण पोरं माघारी वळली हो! भावजी अजून बोलत नाहीत माझ्याशी. ह्या साहेबांना सांगायला गेले, तर ह्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, मावशी, इथं काही घडलंच नाही ना!"

शिष्याचे कान तापले. चहात आले घातलेले होते, हेही त्याला नेमके आत्ताच आठवले.

आचार्य हळूच म्हणाले, "बाळ, आग लांबून दिसते, म्हणून आपण सगळे तिकडे धावतो. शांतता कुणीतरी अंगावर घेतलेली असते. ती पाहायची तर थांबावं लागतं. तू चहा संपेपर्यंत थांबलास."

बाईने दळणाचा डबा खाली ठेवला. "तिकडं परत मतदान आहे म्हणतात. तिथल्या कोपऱ्यावर कोण उभं राहणार आहे, साहेब?"

शिष्याने मान खाली घातली.

"ठाऊक नाही, मावशी. मी चार महिने पहिला दगड कुणी मारला, एवढंच विचारत होतो."