टीचरची सात अक्षरं

कवठेवाडीच्या शाळेत रुक्साना मुल्ला मॅडम इंग्रजी शिकवत. शाळेचं एक हेक्टर मैदान बाजार समितीचे सभापती दत्ताजीराव इंगवले यांनी तारेचं कुंपण घालून आपल्या उसाच्या शेतात ओढलं होतं. मॅडमनी त्याविरुद्ध तीन अर्ज दिले, तेव्हापासून त्या सभापतींच्या डोळ्यांत सलत होत्या.

स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून सभापतीच आले. भर मंडपात त्यांनी फळ्यावर इंग्रजीत 'टीचर' लिहिलं.

"मॅडम, हीच सातही अक्षरं वापरून दुसरा शब्द करून दाखवा. नाही जमलं तर उद्यापासून इंग्रजी शिकवू नका."

शब्द मॅडमना लगेच दिसला. चीटर, म्हणजे फसवणारा. तो त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच मुलांसमोर वदवून घ्यायचा बेत होता. त्यांचे कान तापले. त्यांनी खडू उचलला.

"एक नाही, दोन शब्द होतात, साहेब," असं म्हणत त्यांनी लिहिलं: एच, ई, सी, टी, ए, आर, ई. "हा हेक्टर. आमच्या मैदानाचं माप." मग त्याखाली दुसरा शब्द लिहिला. "आणि हा चीटर. मैदान कोणाच्या कुंपणात आहे हे गावाला ठाऊक आहे. हा शब्द कोणाला लावायचा, ते गावच ठरवेल."

मंडपात हशा पिकला. मागून एका पालकाने विचारलं, "सभापती, तार कधी काढताय?"

"सोमवारी," इंगवले पुटपुटले.

मॅडमनी ताठ मानेने माइक त्यांच्यापुढे धरला. "सगळ्यांना ऐकू जाऊ द्या, साहेब."