तारेला नाक लावणारी मासोळी

मुलांनो, प्राण्यांच्या गोष्टी जंगलातच घडाव्यात असा काही नियम नाही. ही घडली तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, जेवणाच्या टेबलाशेजारच्या काचेच्या टाकीत. त्या टाकीत एक सोनेरी मासोळी राहत होती. सोबतीला होती एक गोगलगाय. पण ती काचेवरचे शेवाळ चाटण्यात इतकी गुंग, की साधे ‘हो’ म्हणायलाही तिला अर्धा तास लागे. मासोळीची खरी मैत्री होती घराच्या मालकीणबाईंशी, म्हणजे शेवडेबाईंशी. बाई रोज सकाळी काचेवर नखाने टकटक करून विचारीत, “उठलीस का गं?” मग कोपर बुडवून पाणी गार तर नाही ना हे बघत, चिमूटभर खाणे टाकत आणि भाजीवाल्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळे तिला सांगत. मासोळीला त्यातले अक्षरही कळत नसे, पण ती एक शब्दही चुकवत नसे.

एके दिवशी बाईंचा भाचा सौमित्र आला. तो संगणकातला माणूस. त्याने टाकीत तारा सोडल्या, वर खाण्याचा डबा बसवला आणि सगळे एका संगणकाला जोडून दिले. “मावशी, आता तू बोटसुद्धा बुडवायचं नाहीस,” तो म्हणाला. “खाणं, दिवा, पाण्याची ऊब, सगळं हा बघेल. काही बिघडलं तर तुझ्या मोबाइलवर घंटा वाजेल.” आणि खरोखर, संगणकाने कामात कधी कुचराई केली नाही. आठच्या ठोक्याला खाणे पडे. पाणी आरशासारखे स्वच्छ राही. बाई मात्र टाकीपाशी येईनाशा झाल्या. त्यांचेही काय चुकले? घंटा वाजत नव्हती, म्हणजे सारे ठीकच होते. मासोळी दिवसभर काचेशी तोंड लावून राही. तिला फार एकटे वाटू लागले.

“तुला कमी तरी काय आहे?” गोगलगाईने एकदा सावकाश विचारले.

“काही नाही,” मासोळी म्हणाली. “फक्त मला कुणी काही विचारत नाही.”

एका दुपारी वळताना तिचा धक्का पाण्याची ऊब मोजणाऱ्या तारेला लागला आणि तारेचे टोक पाण्याबाहेर आले. बाहेरची हवा गार. संगणकाला वाटले, पाणीच गारठले. त्याने घंटा वाजवली आणि पाणी तापवायला सुरुवात केली. बाई धावत आल्या, हात बुडवून त्यांनी तार नीट बसवली. “काय झालं गं माझ्या राणीला?” दीड महिन्यांनी कुणी तिच्याशी बोलले होते. मासोळीने त्यांच्या बोटांभोवती तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी तिने तारेला मुद्दामच नाक लावले. मग ते रोजचेच झाले.

“पाणी तापतं त्यानं,” गोगलगाय म्हणाली. “हा खेळ बरा नाही.”

“तापू दे. त्या येतात ना.”

पण एक दिवस बाई हळदीकुंकवाला गेल्या होत्या आणि मोबाइल घरीच राहिला होता. घंटा वाजत राहिली, ऐकायला कुणी नव्हते. तार बाहेरच्या हवेचा गारवा सांगत होती आणि संगणक इमानेइतबारे पाणी तापवत होता. मासोळी घाबरली. तिने तार आत ढकलायची खूप धडपड केली, पण खालून तिला ते जमेना. तिचे कल्ले भाजू लागले. बाई परतल्या तेव्हा ती आडवी तरंगत होती. त्यांनी आधी बटण बंद केले, मग थोडे थोडे गार पाणी घालत, तिच्याखाली तळहात धरून त्या संध्याकाळपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. “अगं, एकदा हाक तरी मारायचीस,” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. रोज मी तेच तर करत होते, असे मासोळीच्या मनात आले.

मासोळी वाचली. रविवारी सौमित्र पुन्हा आला. त्याने ऊब मोजायला एकाऐवजी दोन तारा बसवल्या, त्याही खोल, जाळीच्या आत. “आता घंटा वाजायची पाळीच येणार नाही, मावशी,” तो म्हणाला. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांचे मासोळीवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

त्यानंतर घंटा कधीच वाजली नाही.

“आता भीती नाही,” गोगलगाय म्हणाली.

मासोळीने जाळीला नाक लावून पाहिले. जाळी जराही हलली नाही. “हो,” ती म्हणाली. “आता मला काहीच होणार नाही. आणि कुणी येणारही नाही.”

तात्पर्य : जो फक्त धोक्याची घंटा वाजल्यावरच धावून येतो, त्याच्या जिवलगांना संकटाचीच वाट पाहत बसावे लागते.