पानातला चुना बांधाला

दरवर्षी गोष्ट सांगायला तुम्हाला मीच सापडतो. घसा माझा सुकतो आणि शेंगा तुम्ही खाता. बरं, ऐका. टरफलं खाली टाकू नका.

फार फार मागं, आपल्या तळ्याचा बांध नुसत्या काळ्या मातीचा होता. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. पावसात तीच माती फुगायची, लोण्यासारखी व्हायची आणि वाहून जायची. मग चैतात प्यायला पाणी नाही.

तेव्हा गावाबाहेर येसाई लोणारीण चुना भाजायची. ती म्हणाली, मातीत चुना आणि भुसा घाला, ओली करून मुरू द्या, मग तुडवा.

पाटील खवळला. "काळी आई आहे ती! तिच्या पोटात चुना घालतेस? जाळतेस तिला?"

"पाटील, तुम्ही दिवसभर पानातून चुना खाता. पोट जळालं का तुमचं? पानाला लागतो तेवढाच घालते."

लोक हसले. पण तुडवायला एक माणूस गेला नाही. एकसुद्धा! ती एकटी तुडवत राहिली. चुन्यानं पायाची सालटी निघाली. अर्धा बांध झाला आणि पाटलानं तिला गावाची शीव दाखवली. उरलेला अर्धा त्यानं नुसत्या मातीचा घातला. शहाणा!

पाऊस आला. पाटलाचा अर्धा गेला. येसाईच्या अर्ध्यापाशी पाणी आलं, गाईसारखी मान खाली घातली आणि मागं फिरलं, असं म्हणतात.

लोक तिला आणायला धावले. खोपट रिकामं. भट्टी मात्र ऊन होती, आणि उरलेल्या बांधाला पुरेल एवढा चुना आत होता. तळ्याच्या पाण्यावरून पांढरी पावलं पलीकडं गेली होती, असं म्हणतात. हाकलल्यावरही भाजत बसली होती बाई, आपल्यासाठी. काय लायकी होती आपली?

म्हणून अजून मिरगाच्या आधी सगळं गाव बांधावर चिखल तुडवतं. अनवाणी. पहिला पाय पाटलाच्या घरचा. त्या दिवशी गावात कुणी पानाला चुना लावत नाही. तो वाटा बांधाचा.

यंदा पहिला पाय पडला तो बुटासकट. तोंडात चुना लावलेलं पान. मी म्हणालो, "बूट काढा." तर म्हणतो, "गप ए थेरड्या, गोष्ट आहे ती."

बांधावर पिंक टाकली त्यानं. येसाईच्या अर्ध्यावर.

त्यानं आधी तिची माफी मागायची आहे, मग माझी. मी रोज बांधावरच बसतो, लांब नाही. त्याचं नाव विचारता? भुजंगराव केरबा पाटील.