झिजलेला गोटा

दगड आणि यंत्रं आपसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. खडूच्या एका कारखान्यात चुनखडी दळणारं मोठं फिरतं पिंप होतं. त्यात चुनखडीचे खडे टाकत आणि आतले टणक पांढरे गोटे घरंगळत त्यांचं पीठ करत. त्यातला एक गोटा भारी ताठ होता. "तुमचंच पीठ होतं, माझं काही होत नाही," असं तो खड्यांना ऐकवायचा.

पुढे पुढे मात्र त्याला काही कळेनासं झालं. खडे त्याला मोठे दिसू लागले आणि पिंपही जास्त ऐसपैस वाटू लागलं. पूर्वी एका तडाख्यात फुटणारा खडा आता नुसता बाजूला सरकायचा.

"पिंपदादा, तू वाढतोयस का रे?" त्याने विचारलं.

"लोखंड कधी वाढतं का?"

"मग खडे जास्त टणक येतायत?"

"खाण तीच आहे, बाबा."

एके दिवशी चाळणीवर काम करणाऱ्या रेवूबाईंना तो पिठात सापडला. जेमतेम सुपारीएवढा उरला होता.

"बघ गं, किती झिजलाय!" त्या शेजारच्या भागाबाईंना म्हणाल्या.

"मग बाकीचा गेला कुठं?"

"जाणार कुठं? खडूत."

गोटा हादरला. रेवूबाईंनी एक ताजा खडू उचलला आणि फळ्यावर लांब रेघ ओढून पाहिली. गोटा ती रेघ निरखत राहिला. यातला मी कोणता आणि मी हिणवलेले खडे कोणते? त्याला काही केल्या सांगता येईना. रेघ मात्र कुठेच तुटली नव्हती.