गारठ्याची वाट

फार मागची गोष्ट आहे. किती मागची म्हणाल, तर आपल्या पणज्यांचे पणजे तेव्हा रांगत होते.

एका डोंगराच्या उतारावर अंजिराच्या बागांचं एक गाव होतं. त्या गावाची एक चाल होती. प्रत्येक बागेला काटेरी कुंपण असायचं, पण उताराच्या खालच्या अंगाला त्यात हातभर फट सोडलेली असायची. तिला म्हणायचे गारठ्याची वाट. हिवाळ्यात दिवस कलला, की घरधनी खाली जायचा, फटीत अडकलेला पालापाचोळा काढायचा आणि म्हणायचा, "जा बाबा, आपल्या वाटेनं खाली जा." परगावचे लोक हसायचे. हसोत बापडे!

सुभाना लहान होता तेव्हा त्याचे वडील, आबा, त्याला रोज बरोबर न्यायचे. फटीपाशी बसवून त्याचे पाय पुढं सोडायला लावायचे. वारा अगदी पडलेला असला, तरी घोट्यांवरून काहीतरी गार गार सरकत जायचं आणि सुभाना खिदळायचा. मग आबा त्याला खांद्यावर घ्यायचे. तिथं वर हवा जरा उबदार लागायची, आणि आबांच्या मुंडाशाला अंजिराच्या चिकाचा वास यायचा. काय दिवस होते ते! तसे दिवस पुन्हा मिळतात का कुणाला?

पुढं आबा गेले. सुभानाच्या मिशा पिकायला लागल्या, तरी आबांची आठवण निघाली नाही असा त्याचा दिवस जायचा नाही. बागेच्या खालच्या अंगाला आबांनी स्वतःच्या हातानं लावलेली अकरा झाडं होती. त्यांच्या सावलीत बसलं, की सुभानाला आबा शेजारीच बसल्यासारखं वाटायचं. त्या झाडांना तो जिवापाड जपायचा.

एका वर्षी फटीतून शेळ्या शिरल्या आणि त्यांनी त्यातल्या एका झाडाची साल सोलून खाल्ली. सुभानाला रडूच आलं. त्यानं ठरवलं, आता कुंपण नाही, भिंतच घालायची. गवंडी लावून, स्वतः दगड वाहून, त्यानं खालच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड पुरुष उंच भिंत उभी केली. फट बुजली.

शेजारच्या बागेत हौसाआत्या राहायची. ती आबांच्याच वयाची. तिनं विचारलं, गारठ्याची वाट कुठं ठेवलीस? सुभाना म्हणाला, थंडी येते वाऱ्याबरोबर आणि वाऱ्याला अडवते भिंत, म्हणजे आता शेळ्याही बाहेर आणि थंडीही बाहेर. दुपारी भिंतीच्या आडोशाला येऊन बस, कसं उबदार लागतं बघ. आडोशाला उबदार लागायचं हे खरंच होतं, आणि म्हणूनच तो फसला. आत्यानं पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पण ऐकेल तो सुभाना कसला!

पौषातली एक संध्याकाळ आली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि पान हलत नव्हतं. हौसाआत्या मुद्दाम चढण चढून आली. म्हणाली, ढग म्हणजे जमिनीची गोधडी, आज ती अंगावर नाही, सगळी ऊब वर निघून जाणार. निदान चार दगड तरी काढ. सुभानानं तिला हसून निरोप दिला आणि घरी जाऊन निवांत झोपला.

सकाळी तो बागेत आला आणि धावत जाऊन आबांच्या झाडांपाशी बसला.

आबांची अकराही झाडं काळी पडली होती. फांद्या चिरल्या होत्या, फळं गळून पडली होती. थोडं वर चढावर झाडं बुंध्याशी काळी आणि शेंड्याला हिरवी होती. त्याच्याही वरची झाडं जशीच्या तशी होती. काळेपणा एका सरळ रेषेत थांबला होता, भिंतीच्या बरोबर माथ्याएवढ्या उंचीवर. धरणात पाणी तुंबावं तसा रातभर गारठा तिथं तुंबला होता. आणि हौसाआत्याची बाग? तिचं पानही वाळलं नव्हतं.

आत्या येऊन त्याच्याजवळ बसली. "गारठा जड असतो रे. ऊब वर जाते आणि तो उतारानं खाली वाहतो. तो बाहेरून येत नव्हता, तुझ्याच बागेतून चालला होता. तू त्याला कोंडलास."

सुभानाला हुंदका आवरेना. "मग आबांनी मला कधी सांगितलं का नाही?"

"रोज संध्याकाळी सांगत होते की. तू खेळ समजलास, आणि पुढं विचारलं नाहीस."

त्याच दिवशी सुभानानं पहार घेऊन भिंत पाडायला घेतली. शेळ्या अडतील आणि हवा जाईल असा काठ्यांचा विरळ झापा त्यानं तिथं बसवला. अकरांपैकी एकही झाड पुन्हा फुटलं नाही. त्यानं त्या जागी नवी झाडं लावली. ती जोमानं वाढली, त्यांना गोड अंजिरंही लागली. पण ती आबांनी लावलेली नव्हती, आणि त्यांच्या सावलीत सुभाना फार वेळ बसत नसे.

म्हणून लक्षात ठेवा, वाडवडिलांनी ठेवलेली वाट बुजवण्याआधी ती कशासाठी ठेवली होती, हे विचारून घ्यावं.